पाणी गेले, पाठोपाठ शाळाही?

शिक्षण आयुक्तालयातून २१ सप्टेंबर २०२३ रोजी एक पत्र निघाले. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत सादर करावेत, असे त्यात फर्मावले होते. अशा शाळांची संख्या १४,७८३, त्यांत शिकणारी मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७, असा हिशेबही त्या वेळी प्रसिद्ध झाला. अनुकरणासाठी दोन नमुने पुढे ठेवण्यात आले : एक नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचा, दुसरा पुणे जिल्ह्यातील पानशेतचा. राज्यभर ओरड झाली तेव्हा शाळा बंद करण्याचा आपला हेतू नाही असा खुलासा सरकारने केला. खुलाशाने गलबला शमला. त्यामागचा विचार मात्र शमलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापर्यंत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचे ठरले तेव्हा तो 'गुणवत्ते'चे नाव घेऊन आला होता, २०२३ साली 'समूहा'चे नाव घेऊन आला, आणि पुढे आणखी एखाद्या गोंडस नावाने येईल. त्याची झडती घ्यायची तर ती पानशेतपासूनच घेतलेली बरी.

पानशेत वेल्हे तालुक्यात आहे. या तालुक्याला अलीकडे राज्य सरकारने राजगड हे नाव दिले. नाव देण्यास पैसा लागत नाही आणि त्यावर कोणी लेखापरीक्षक आक्षेपही घेत नाही, त्यामुळे अशी कामे त्वरेने होतात. वेल्हे आणि त्याला लागून असलेला भोर हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे दोन डोंगरी तालुके. गुंजण मावळ, कानद मावळ, हिरडस मावळ ही नावे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून महाराष्ट्रातील प्रत्येक मूल घोकते. त्या मावळांतील आजच्या मुलांना ते पाठ्यपुस्तक वाचावयास शिकविणारी शाळा त्यांच्या वाडीत राहणार की नाही, एवढाच साधा प्रश्न येथे आहे.

या प्रश्नाचे मूळ शिक्षण खात्याच्या कागदांत सापडणार नाही. ते पाटबंधारे खात्याच्या कागदांत सापडेल. भोर संस्थान अस्तित्वात असतानाच वेळवंडी नदीवर भाटघरचे मोठे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या दोन्ही कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे गेले. तेथे ऊस उभा राहिला, उसावर कारखाने उभे राहिले, कारखान्यांवर राज्याचे राजकारण उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, नीरेवर नीरा-देवघर आणि वेल्ह्यातच गुंजवणी अशी धरणे झाली. भोर-वेल्ह्यातील या पाच धरणांची साठवणक्षमता मिळून साठ टीएमसीच्या वर जाते. पुणे शहराच्या नळांना येणारे बहुतांश पाणी पानशेत आणि वरसगावचे. ज्या शहराला विद्येचे माहेरघर म्हणवून घेण्याची हौस आहे, त्याची तहान या दोन खोऱ्यांनी भागविली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याची आठवण पुणेकर अजून काढतात आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या धरणासाठी त्याआधीच घरादारांवर पाणी सोडून जे उठले, त्यांच्या आठवणीचा दिवस कोणत्याही दिनदर्शिकेत नाही.

धरणात बुडते ते नेहमी खोऱ्याचे तळचे आणि सपाट अंग. भाताची चांगली खाचरे तेथे असतात, नांदती गावे तेथे असतात, वाटा तेथूनच जातात. ही जमीन पाण्याखाली गेली म्हणजे काही कुटुंबे लाभक्षेत्रात दूर पाठविली जातात, काही शहराकडे वळतात आणि उरलेली डोंगराच्या अंगाला चार घरे इकडे, सहा घरे तिकडे अशी विखुरतात. मधल्या वाटा पाण्याखाली गेल्याने समोर दिसणारी वस्ती वळसा घेऊन कोसभर दूर जाते. राहिलेल्या वरकस जमिनीवर नाचणी-वरईचे पीक घेऊन वर्षभर पोट भरत नाही. म्हणून हातीपायी धड असलेला तरुण मुंबईत माथाडी कामाला किंवा पुण्यात हॉटेलात जातो, आणि जमल्यास पुढे बायकामुलांनाही नेतो. मागे राहतात ते म्हातारे आणि ज्यांना कोठेच जाता आले नाही ते : महादेव कोळ्यांच्या वाड्या, धनगरवाडे, कातकऱ्यांच्या झोपड्या. अशा वस्तीत शाळेचा पट आठ किंवा बारा राहिला तर नवल कसले? तो पट निसर्गाने घटविला नाही. पन्नास-पाऊणशे वर्षांच्या सरकारी निर्णयांनी तो घटविला, आणि आता तेच सरकार घटलेल्या पटाकडे बोट दाखवून विचारते की एवढ्याशा मुलांसाठी शाळा कशाला?

हा डोंगर शाळेला दुर्गम वाटतो, सर्वांना तो तसा वाटत नाही. याच वरसगावच्या जलाशयाच्या काठी मुळशी आणि वेल्ह्याच्या अठरा गावांत लवासा नावाचे श्रीमंतांचे गिरिस्थान योजिले गेले तेव्हा राज्याने त्याला २००८ साली विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा देऊन टाकला. त्या वेळी दरडोई खर्चाचा प्रश्न कोणास सुचला नाही. पुढे त्या नगरीचे दिवाळे वाजले ही गोष्ट वेगळी. भांडवल वर चढते तेव्हा डोंगर सुगम असतो, शिक्षक वर चढायचा म्हटले की तो दुर्गम होतो.

आता त्या हिशेबाकडे वळू. १४,७८३ शाळांत १,८५,४६७ मुले म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि शिक्षकामागे सहा. मंत्रालयातील अर्थशास्त्र येथे थांबते : एका शिक्षकाचे वेतन भागिले सहा, म्हणून मूल महाग. भागाकार चुकीचा नाही. परंतु अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की सरासरी खर्च आणि वाचणारा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाडीतील शाळा बंद केली म्हणून तेथील कायम शिक्षकाचे वेतन वाचत नाही. त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. वाचते काय? दोन खोल्यांची डागडुजी, खडू-फळा, किरकोळ सादिल खर्च. वर बसगाडी, चालक आणि इंधन यांचा नवा खर्च बोकांडी बसतो. तेव्हा खरी बचत व्हायची असेल तर ती एकाच मार्गाने होईल : शिक्षकांची पदेच कायमची रद्द करून. समूह शाळेच्या गोड भाषेखाली हाच हेतू दडलेला आहे, असे म्हणावयास पुढील घटनांनी पुरेसा आधार दिला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकपदांवर गदा आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमका शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, कमी पटाच्या शाळेतील दोन शिक्षकांपैकी एकाची जागा दरमहा पंधरा हजारांच्या कंत्राटी माणसाने भरावी असा आदेश निघाला. तो पुढे मागे घ्यावा लागला. परंतु धोरण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहे हे त्यातून दिसून आले.

आणखी एक खर्च आहे, तो कोणत्याही ताळेबंदात येत नाही. आषाढ-श्रावणात वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला कोसळणारा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला तेथील ओढे एका तासात कसे फुगतात हे सांगावे लागत नाही. दरड आली की रस्ता बंद, रस्ता बंद की बस बंद. सहा वर्षांच्या पोरीला डांबरी सडकेपर्यंत पोहोचवायला आईला रोज जावे लागले तर तिचा रोज बुडतो, लावणीच्या दिवसांत तर तो बुडून चालतच नाही. मग आई आठवड्यातले दोन दिवस पोहोचविते, नंतर एक दिवस, नंतर मुलगी घरी राहून धाकट्या भावंडाला सांभाळते. हजेरीपटावर तिचे नाव वर्षभर असते. सरकारने वाचविलेला पैसा प्रत्यक्षात त्या आईच्या मजुरीतून आणि त्या मुलीच्या पायांतून वसूल झालेला असतो. खर्च नाहीसा झालेला नाही, तो राज्याच्या तिजोरीवरून राज्यातील सर्वांत दुबळ्या घराच्या माथ्यावर सरकला आहे. एखाद्या कारखान्याने आपले सांडपाणी नदीत सोडून काटकसर केल्याचे सांगावे, त्याच जातीची ही काटकसर.

२०१८ साली भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील चांदर गावची शाळा वृत्तपत्रांतून देशभर गाजली होती. तेथे एक विद्यार्थी होता आणि त्याच्यासाठी रोज अवघड वाट तुडवून येणारा एक शिक्षक. पूर्वी तेथे याहून अधिक मुले होती. शहरी वाचकांनी त्या बातमीवर अश्रू ढाळले, त्या शिक्षकाच्या निष्ठेचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक प्रश्न कोणी विचारला नाही : बाकीची मुले कोठे गेली? हा प्रश्न विचारला असता तर निष्ठावंत शिक्षकाची हृद्य कहाणी संपून रस्ता, पाणी, रोजगार आणि जमीन यांची रूक्ष कहाणी सुरू झाली असती, आणि ती छापण्यात वृत्तपत्रांना फारसे स्वारस्य नसते.

समूह शाळेच्या समर्थकांचे एक म्हणणे मात्र झटकून टाकण्यासारखे नाही. एकट्या मुलाला सोबती नाही, खेळायला गडी नाही; चार इयत्ता एका खोलीत बसवून एका शिक्षकाने शिकवायचे, त्यात त्याचा निम्मा वेळ पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जायचा; अशा शाळेला शाळा का म्हणावे? प्रश्न रास्त आहे. डोंगरातील पुष्कळशा शाळा आज वाईट आहेत, आणि केवळ त्या सरकारी आहेत म्हणून त्यांचे समर्थन करण्याची खोड समाजवाद्यांनी सोडली पाहिजे. पानशेतला मुलांना मोठी इमारत, प्रयोगशाळा, प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक मिळत असेल तर त्याचे स्वागतच करावे. अकरा-बारा वर्षांचे मूल बसने जाऊ शकते. सहावीपासून पुढे विषयवार शिक्षक लागतात आणि ते प्रत्येक वाडीत देणे शक्य नाही हेही खरे. परंतु सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. पहिली ते चौथीची शाळा वाडीतच हवी, मग मुले पाच असोत की पंधरा. सोबत्यांची उणीव भरून काढायची तर शेजारच्या चार वाड्यांच्या मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस एकत्र आणता येईल, चार शाळांना मिळून एक क्रीडाशिक्षक आणि एक फिरते ग्रंथालय देता येईल. शिक्षकाच्या डोक्यावरील कारकुनी उतरविता येईल. या साऱ्या उपायांना पैसा लागतो, पण शाळा बंद करावी लागत नाही. म्हणूनच बहुधा ते सुचत नाहीत.

शिवाय वाईट शाळेला औषध म्हणून शाळाच बंद करण्याचा उपाय फक्त गरिबांच्या शाळांना का लागू होतो? विद्यापीठांतील कितीतरी पदव्युत्तर विभागांत विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके असतात. त्या विभागांना कोणी बसमध्ये बसवून शेजारच्या विद्यापीठात नेत नाही, आणि नेऊही नये. पुण्याच्या एका प्राध्यापकाच्या वेतनात डोंगरातील किती शाळा चालतील असा हिशेब मांडला तर सारा विद्वद्वर्ग ज्ञानाच्या अमूल्यतेवर व्याख्यान देईल. ज्ञान अमूल्य असेल तर ते पहिल्या इयत्तेतही अमूल्यच असले पाहिजे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता : सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शिक्षण मात्र उपाशी. त्या वेळी सारा होता, आज पाणी आहे. एवढाच फरक. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली कायदेमंडळाने फेटाळले, तेव्हाही खर्च झेपणार नाही ही सबब पुढे करण्यात आली होती. शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीचे शिक्षण सुरू केले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीपुढे कोल्हापूरची तिजोरी ती केवढी! स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी दहा वर्षांची मुदत घातली. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांना समान अशी परिसर शाळा आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च यांची शिफारस केली. ते सहा टक्के अद्याप आलेले नाहीत. दहा वर्षांच्या मुदतीला मूलभूत हक्काचे रूप यायला २००२ साल उजाडावे लागले आणि त्या हक्काचा कायदा व्हायला २००९.

तो कायदा काय सांगतो हे पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने मुखोद्गत करावे, कारण गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत भावनेपेक्षा कलम अधिक उपयोगी पडते. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. साठ ही वरची मर्यादा. खालची मर्यादा परिशिष्टाने घातलेली नाही. वीस हा आकडा पुढे करून चालू शाळा उठविण्यास त्या परिशिष्टात आधार शोधणाऱ्याने तो शोधून दाखवावा.

पट घटण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याच पंगतीत बसलेले असल्यामुळे त्याविषयी कमी बोलले जाते. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने ज्याच्या गाठीला पैसा त्याला शाळा काढण्याची मोकळीक दिली. तालुक्याच्या गावी आणि हमरस्त्यावर इंग्रजी पाट्यांच्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या पिवळ्या गाड्या रस्त्याकडेच्या गावांतून फी भरू शकणाऱ्यांची मुले उचलू लागल्या. सरपंचाचे मूल गेले, दुकानदाराचे गेले, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे स्वतःचे मूलही गेले. ज्या शाळेत गावातील वजनदार माणसाचे मूल नाही, तिचे छप्पर गळते की नाही याची चौकशी करायला ग्रामसभेत कोणी उठत नाही. मराठी शाळा वाचविण्याच्या परिषदेत भाषण करून नातवाला इंग्रजी शाळेच्या बसथांब्यावर आणायला जाणारे पुढारी डाव्या पक्षांतही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेची पंचवीस टक्के जागांच्या जबाबदारीतून सुटका केली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १९ जुलैला तो बदल रद्द ठरविला. गमतीचा भाग असा की खाजगी शाळांची सुटका करताना सरकारला जवळची सरकारी शाळा आठवते, आणि शाळा एकत्र करताना तीच शाळा अनावश्यक ठरते.

ज्या काळात हे समूह शाळेचे पत्र निघाले, त्या काळात पुणे जिल्हा परिषदेत लोकनियुक्त सदस्य नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. वाडीच्या शाळेविषयी विचारायचे तर कोणाला, असा तो काळ. याचा धडा असा की ही लढाई जिल्ह्याच्या ठिकाणी निवेदन देऊन लढता येणार नाही. ती ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत लढावी लागेल. भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांनी यंदाच्या पावसाळ्याआधी हाती घेण्यासारखे काम ठरलेले आहे. प्रत्येक वाडीतील सहा ते चौदा वयाच्या मुलांची नावनिशीवार यादी करावी, हजेरीपटावरील नावांपैकी प्रत्यक्ष शाळेत कोण येते हे पाहावे, घरापासून शाळेपर्यंतची वाट चालून मोजावी, कारण नकाशावरील किलोमीटर आणि जलाशयाला वळसा घालून जाणारा किलोमीटर सारखे नसतात. ती यादी ग्रामसभेत वाचून, आमच्या संमतीवाचून शाळा हलवू नये आणि दोन कायम शिक्षक द्यावेत, असा ठराव घ्यावा. जेथे वरच्या इयत्तांसाठी बस हवी, तेथे ती कंपन्यांच्या देणगीवर न ठेवता सरकारी अंदाजपत्रकात मागावी. देणगी देणाऱ्याचे मन आणि नफा दोन्ही बदलतात.

आणि पैसा नाही म्हणून सांगितले गेले तर त्याचे उत्तरही याच तालुक्यांत आहे. पानशेत-वरसगावच्या पाण्याबद्दल पुणे महापालिका पाटबंधारे खात्याला आकार भरते. भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाण्याची आकारणी साखरपट्ट्यात होते. ज्या खोऱ्यांतून पाणी उचलले जाते, त्या खोऱ्यांतील शाळा, दवाखाना आणि रस्ता यांसाठी या आकारातील ठरावीक हिस्सा कायद्याने राखून ठेवावा, ही मागणी पक्षाने विधिमंडळात आणि रस्त्यावर लावून धरावी. पुण्याच्या पेठांत आणि बारामती-इंदापूरच्या गावांत जाऊन ती तेथील पाणी वापरणाऱ्यांपुढे मांडण्याचे कामही पक्षाच्याच शाखांना करावे लागेल, आणि तेथे टाळ्या मिळणार नाहीत याची तयारी ठेवावी.